क्ष म्हणजे नक्की किती?

१. पैकीच्या पैकी मिळवणारं मूल का अडतं?

“पाचवी-सहावीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी मिळवायची. आता बीजगणित म्हटलं की वही मिटून बसते. असं का झालं?” शाळेच्या पालकसभेत हा प्रश्न विचारला गेला नाही, असं वर्ष जात नसेल. उत्तरंही ठरलेली असतात: पाया कच्चा आहे, सराव कमी पडतो, लक्ष दुसरीकडे आहे, किंवा अक्षरं बघूनच मूल घाबरतं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पुष्कळ मुलांचा पाया कच्चा नसतो. अंकगणित करताना लागलेल्या काही सवयी मात्र त्यांच्या अंगात इतक्या मुरलेल्या असतात, की बीजगणितात त्याच आडव्या येतात. पाच-सहा वर्षं मुलांनी एकच काम केलेलं असतं: समोर संख्या आल्या की क्रिया करायची आणि उत्तर काढायचं. बीजगणितात उत्तराच्या आधी दोन गोष्टींमधला संबंध लिहावा लागतो. कामाचं स्वरूपच बदलतं, पण ते बदललंय हे मुलांना कुणी सांगत नाही.

घरातल्या मुलाला पुढची रिकामी जागा भरायला सांगून पाहा:

८ + ४ = □ + ५

चौकटीत ७ यायला हवेत. बरीच मुलं १२ लिहितात, कारण आठ आणि चार बारा. काही जण पुढचे ५ही मिळवून १७ लिहितात. अमेरिकेत थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न मुलांना दिला होता. त्यांचा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिले नव्हते. सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७ होती. या मुलांना बेरीज येत होती. त्यांच्या लेखी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ एवढाच होता.

ही समजूत आपणच करून दिलेली असते. प्राथमिक शाळेच्या वहीत बरोबरच्या डावीकडे गणित आणि उजवीकडे उत्तर, हीच मांडणी वर्षानुवर्षं असते. कॅल्क्युलेटरवर तेच बटण दाबलं की उत्तर येतं. मग मूल असंही लिहितं: १५ + ७ = २२ × २ = ४४ − ४ = ४०. शेवटचा आकडा बरोबर, म्हणून आपणही गुण देऊन मोकळे होतो. पण १५ + ७ आणि ४० समान आहेत, असं त्या ओळीत लिहिलेलं आहे. पाचवीत सोडून दिलेली ही ओळ आठवीत महाग पडते.

२. बरोबरच्या दोन्ही बाजू

बरोबरचं चिन्ह आज जगभर वापरलं जातं, पण ते फार जुनं नाही. वेल्समध्ये जन्मलेले वैद्य आणि गणितलेखक रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली ते छापून आणलं. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हापुन्हा लिहायचा त्यांना कंटाळा आला होता. त्याऐवजी त्यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा काढल्या. दोन वस्तू यापेक्षा अधिक समान कशा असणार, असं कारणही त्यांनी दिलं आहे. दोन्ही रेघा सारख्याच, म्हणून चिन्ह डावीकडून वाचलं काय आणि उजवीकडून वाचलं काय, अर्थ एकच.

हा अर्थ मनात बसवायला दोन पारड्यांच्या तराजूइतकं चांगलं साधन नाही. समजा, डाव्या पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पुड्या आणि ४ किलोचं वजन आहे, उजव्या पारड्यात १९ किलोची वजनं आहेत आणि काटा मधोमध आहे. एका पुडीचं वजन क्ष किलो धरलं, तर

३क्ष + ४ = १९

दोन्ही पारड्यांतून ४ किलो काढले तरी काटा हलत नाही. उरलं ३क्ष = १५. दोन्हीकडचा तिसरा हिस्सा घेतला, क्ष = ५.

वर्गात मात्र हे फार लवकर ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ या एका वाक्यावर आणलं जातं. वाक्य खोटं नाही आणि त्याने वेळही वाचतो. पण चार पलीकडे गेले आणि त्यांचं चिन्ह बदललं, एवढंच मुलाच्या लक्षात राहतं. ते का बदललं, हे निसटून जातं. मग ३क्ष = १२ समोर आलं की तेच मूल ३ पलीकडे नेतं, चिन्ह बदलतं आणि क्ष = १२ − ३ = ९ असं लिहून मोकळं होतं. नियम त्याने अगदी प्रामाणिकपणे पाळलेला असतो. पारड्यात ३ किलोचं वजन नाही, सारख्या तीन पुड्या आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर असतं तर त्याने वजा केलं नसतं, तीन भाग केले असते.

तराजू मात्र कायमचा वापरता येत नाही. क्ष + ९ = ४ या समीकरणाचं उत्तर उणे पाच आहे आणि उणे पाच किलोची पुडी कुठल्याच पारड्यात ठेवता येत नाही. म्हणून पहिले काही आठवडे तराजू वापरावा, आणि ‘एका बाजूला जे केलं तेच दुसऱ्या बाजूलाही करायचं’ हा नियम मुलांच्या तोंडून आपोआप येऊ लागला की तराजू बाजूला ठेवावा.

३. आंबे आणि बोरं

३अ + २ब यांची बेरीज ५अब का होत नाही? यावर पिढ्यानपिढ्या दिलं जाणारं उत्तर असं: “अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं. तीन आंबे आणि दोन बोरं एकत्र केली तर पाच आंबेबोरं होतात का?” मुलं हसतात, मान डोलवतात, तास संपतो.

हे उदाहरण वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने आजचं गणित सुटतं, पण अक्षराचा अर्थच बिघडतो. बीजगणितात अ म्हणजे आंबा नव्हे, अ म्हणजे संख्या. अ म्हणजे आंबा असेल, तर पुढच्या महिन्यात अ × ब शिकवताना आंब्याला बोराने कसं गुणणार? अ आणि ब यांची किंमत कधी एकच असू शकते, हे तरी मुलाला कसं पटणार?

बदल अगदी छोटासा करायचा आहे. एका आंब्याची किंमत अ रुपये आणि एका बोराची ब रुपये आहे असं म्हणा. मग ३अ + २ब म्हणजे तीन आंबे आणि दोन बोरं यांचे एकूण पैसे. आंबा ४० रुपयांना आणि बोर २ रुपयांना असेल, तर १२० + ४ = १२४ रुपये. दर कळल्याशिवाय ही बेरीज पुढे नेता येत नाही, म्हणून ती तशीच ठेवायची. आणि ५अब? त्याची किंमत ५ × ४० × २ = ४०० होते. दोन्ही एक नाहीत, हे मुलाने स्वतः हिशेब करून पाहिलेलं असतं.

अक्षराला वस्तूचं नाव समजण्याची सवय लहानपणीच मोडली नाही, तर ती मोठेपणीही सुटत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना एक साधं वाक्य समीकरणात मांडायला दिलं होतं. त्यांचा लेख १९८१ साली आला. वाक्य असं: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी आणि प्राध्यापकांच्या संख्येसाठी एकेक अक्षर ठरवून दिलेलं होतं. आपण ती व आणि प मानू. ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी लिहिलं ६व = प.

ही चूक का होते, ते नीट पाहण्यासारखं आहे. चुकणारा विद्यार्थी ६व हे ‘सहा विद्यार्थी’ असं वाचतो आणि प हे ‘एक प्राध्यापक’ असं. त्याच्या डोळ्यांसमोर एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी उभे असतात आणि बरोबरच्या चिन्हाने तो त्यांना फक्त जोडतो. समजा, प्राध्यापक १० आणि विद्यार्थी ६० आहेत. या संख्या घालून पाहिल्या तर ६ × ६० = १० असं होतं आणि चूक लगेच उघडी पडते. बरोबर समीकरण व = ६प. प्राध्यापकांची संख्या सहापट केली तर ती विद्यार्थ्यांच्या संख्येइतकी होते.

अक्षर संख्येचं आहे हे पटलं, तरी आणखी एक गुंता राहतो. क्ष + ५ = १२ यात क्ष ही एकच ठरलेली संख्या आहे, फक्त ती अजून आपल्याला माहीत नाही. अ + ब = ब + अ यात अ आणि ब कुठल्याही संख्या असू शकतात, तिथे शोधण्यासारखं काही नाही. य = २क्ष यात क्ष बदलला की य बदलतो. पाठ्यपुस्तक तिन्ही ठिकाणी अक्षराला चल म्हणतं, आणि मूल तिन्ही ठिकाणी विचारतं, “पण क्ष म्हणजे किती?” पहिल्या ठिकाणी प्रश्न रास्त आहे. उरलेल्या दोन ठिकाणी ‘इथे तो किती, हे विचारायचं नसतं’ असं शिक्षकांनी शब्दांत सांगायला हवं. ते मुलांना आपोआप कळत नाही.

४. ताळा आधी, समीकरण नंतर

शाब्दिक उदाहरण म्हटलं की बहुतेकांना घाम फुटतो. “समीकरण मांडता आलं तर पुढचं येतं हो,” असं मुलं म्हणतात आणि ते खरंही असतं. मांडणी कशी करायची, याची एक जुनी वाट आहे. मला ती वर्गात सर्वांत उपयोगी वाटते.

इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास अहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतलेला एक पपायरस सापडला आहे. त्यात असं गणित आहे: एक संख्या आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती संख्या कोणती? अहमोसची रीत अशी: संख्या ७ आहे असं धरा. सात आणि त्याचा सातवा भाग एक, मिळून ८. पण हवेत १९. म्हणजे ८ला ज्याने गुणल्यावर १९ येतात, त्यानेच ७लाही गुणायचं. उत्तर येतं १६ पूर्णांक ५/८. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हीच रीत ‘इष्टकर्म’ या नावाने दिली आहे. सोयीची एखादी संख्या धरायची, तिच्यावर सगळ्या क्रिया करायच्या आणि आलेल्या उत्तरावरून खरी संख्या गाठायची.

यातली पहिली पायरी, म्हणजे एक अंदाज धरून तो तपासणं, कुठल्याही मुलाला जमते. उदाहरण घेऊ. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. तर मुलीचं आजचं वय किती?

समीकरणाचं नावही काढू नका. मुलाला सांगा, “एक अंदाज सांग. मग तो बरोबर आहे का, ते आपण ताळा करून बघू.” समजा तो म्हणाला १०. ताळा वहीत उतरवू, पण कुठलीही पायरी तोंडी न करता:

आई आज: ३ × १०
१२ वर्षांनी आई: ३ × १० + १२
१२ वर्षांनी मुलगी: १० + १२
जुळतं का? ३ × १० + १२ आणि २ × (१० + १२)

एकीकडे ४२, दुसरीकडे ४४. जुळलं नाही. आणखी एक अंदाज घ्या, १५. एकीकडे ५७, दुसरीकडे ५४. हेही नाही, पण आता पारडं उलट झुकलं. उत्तर १० आणि १५च्या मध्ये कुठेतरी आहे, हे मूल स्वतःच सांगतं. आता दोन्ही ताळे शेजारी ठेवा आणि विचारा: दोन्हींत काय बदललं आणि काय तसंच राहिलं? बदलला तो फक्त अंदाज. तो जिथे जिथे आहे, तिथे तिथे क्ष लिहा:

३क्ष + १२ = २(क्ष + १२)

समीकरण तयार झालं. सोडवलं तर ३क्ष + १२ = २क्ष + २४, म्हणून क्ष = १२. मुलगी १२ वर्षांची, आई ३६ वर्षांची. १२ वर्षांनी २४ आणि ४८.

या वाटेने गेलं की समीकरण आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही. आपण आताच केलेला ताळा आणि त्यात संख्येच्या जागी ठेवलेलं अक्षर, एवढंच ते असतं. ताळ्याच्या ओळी मात्र आकडेमोड न करता, सुट्या लिहाव्या लागतात. ३ × १०च्या जागी ३० लिहिले की त्यातला अंदाज दिसेनासा होतो आणि क्ष कुठे घालायचा ते कळत नाही. ‘लवकर उत्तर काढ’ ही जुनी सवय इथे थोडी आवरावी लागते.

भास्कराचार्यांनी हेच समीकरण कसं मांडलं असतं, तेही पाहू. अज्ञात संख्येला ते ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत. दुसरी अज्ञात संख्या आली तर कालक, तिसरी आली तर नीलक, म्हणजे का, नी. सुट्या संख्येच्या आधी ‘रू’, म्हणजे रूप. बरोबरचं चिन्ह नव्हतं. दोन्ही बाजू एकाखाली एक लिहीत:

या ३ रू १२
या २ रू २४

वजाची संख्या असली तर तिच्या डोक्यावर एक टिंब. ही मांडणी मला फार आवडते. सारख्या जातीची पदं एकाखाली एक येतात आणि दोन्ही ओळींतून काय काढून टाकायचं ते नजरेलाच दिसतं. सातवीच्या वर्गात सजातीय पदं शिकवताना फळ्यावर एकदा तरी लिहून दाखवावी.

भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५०मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७मध्ये मठ स्थापन केल्याचं नोंदवलेलं आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. खानदेशात बीजगणिताचा वर्ग आठशे वर्षांपूर्वी भरत होता.

५. वजाचं चिन्ह कुणाचं?

१५ − ६ + ४ किती? उत्तर १३. पण ५ लिहिणारी मुलंही पुष्कळ भेटतील. ती आधी ६ आणि ४ मिळवतात आणि १० वजा करतात. वजाचं चिन्ह फक्त सहाचं आहे, की पुढच्या सगळ्याचं, हे त्यांना पक्कं ठाऊक नसतं. संख्यांमध्ये झालेला हा घोटाळा अक्षरं आली की दुप्पट होतो.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी यावर मन लावून काम केलं. सहावीच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी अक्षरांच्या आधी ‘पद’ ही कल्पना पक्की करून घेतली. संख्येच्या डाव्या बाजूचं चिन्ह त्या संख्येचंच, आणि चिन्हासकट संख्या म्हणजे एक पद. प्रत्येक पदाभोवती चौकट काढायची:

[+१५] [−६] [+४]

चौकटी मागेपुढे केल्या तरी किंमत बदलत नाही. मग ४ + १५ − ६ याची किंमत तीच आहे का, हे आकडेमोड न करता नुसतं पाहून सांगता येतं. ६ + १५ − ४ याची नाही, कारण ६ आणि ४ यांची चिन्हं बदलली. मुलं उत्तर काढणं थांबवतात आणि रचना बघू लागतात.

५ + ३क्ष बरोबर ८क्ष, ही सगळ्या वर्गांत दिसणारी चूकही इथेच पकडता येते. चौकटी दोन: [+५] आणि [+३ × क्ष]. दुसऱ्या चौकटीतला ३ हा क्षला गुणाकाराने बांधलेला आहे, त्याला तिथून सोडवून पाचाकडे नेता येत नाही. क्ष = २ घालून पाहा: ५ + ६ = ११, आणि ८ × २ = १६. तरीही मुलांना ५ + ३क्ष हे उत्तर अर्धवट वाटतं. मध्ये अधिकचं चिन्ह दिसतंय म्हणजे बेरीज अजून व्हायचीय, असं त्यांना वाटत राहतं. पहिल्या भागातल्या त्या १२ आणि १७ लिहिणाऱ्या मुलांचीही हीच सवय होती.

ऋण गुणिले ऋण धन का, हा प्रश्नही इथेच येतो. ब्रह्मगुप्तांनी हा नियम ६२८मध्ये लिहून ठेवला आणि आपण तो तसाच पाठ करतो. मुलांना ९ × ८ = ७२ आधीपासून माहीत असतं, त्याचाच उपयोग करावा. तेच (१० − १)(१० − २) असं लिहा. चार गुणाकार होतात: १००, −२०, −१०, आणि (−१) × (−२). पहिल्या तिघांची बेरीज ७०. उत्तर ७२ यायचं असेल, तर शेवटचा गुणाकार +२ असल्याशिवाय गत्यंतर नाही.

६. दिनदर्शिकेतले सात

क्ष शोधायचा नसतो तेव्हा अक्षर कशाला लागतं, याचं उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मिळतं. कुठलाही महिना घ्या आणि एकमेकांना लागून असलेल्या चार तारखांचा चौकोन निवडा. समजा ९, १०, १६, १७. समोरासमोरच्या कोपऱ्यांचे गुणाकार करा: १० × १६ = १६०, ९ × १७ = १५३. फरक ७. दुसरा चौकोन: ५, ६, १२, १३. इथे ७२ आणि ६५, फरक पुन्हा ७. मुलांना कितीही चौकोन घेऊ द्या, सातच येतात. दहा चौकोनांनंतर वर्गातलं कुणीतरी म्हणतं, “सगळ्यांना सातच येणार.” मग विचारायचं, “न बघितलेल्या महिन्यातही? कशावरून?”

उदाहरणं कितीही गोळा केली तरी या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. अक्षराला देता येतं. सर्वांत लहान तारीख त माना. चार तारखा होतात त, त + १, त + ७, त + ८.

(त + १)(त + ७) = त² + ८त + ७
त(त + ८) = त² + ८त

वजाबाकी ७. त कितीही असो, तो दोन्हीकडे सारखाच आहे आणि निघून जातो. सगळ्या महिन्यांचे सगळे चौकोन दोन ओळींत तपासून झाले.

आता आणखी एक पाऊल टाका. ७ आले कुठून? आठवड्यात सात दिवस आहेत म्हणून आले का? आठवड्यात द दिवस आहेत असं मानलं, तर तारखा होतात त, त + १, त + द, त + द + १. गुणाकार करून वजाबाकी केली की उरतो फक्त द. राज्यक्रांतीनंतर फ्रान्समध्ये काही वर्षं दहा दिवसांचा आठवडा चालवला गेला होता. त्या दिनदर्शिकेवर हाच खेळ खेळला असता तर दर वेळी १० आले असते.

नऊ तारखांचा मोठा चौकोन घेऊन फक्त चार कोपरे वापरले, तर फरक २८ येतो. तो २८च का, आणि फ्रान्सच्या त्या दिनदर्शिकेत तो किती आला असता, हे काढायला त आणि द ही दोनच अक्षरं पुरतात. वही घ्या आणि कोपऱ्यातल्या चार तारखा आधी मांडा: त, त + २, त + २द, त + २द + २.